छोट्या डबीतले एक्स्चेंज

टेलिफोनच्या वायरचे टोक राउटरच्या खाचेसमोर धरून पाहिले तर दोन्ही एकाच घराण्यातली वाटतात. टोक जरा अरुंद, खाच जरा रुंद, एवढाच काय तो फरक. मग टेलिफोनची वायर सरळ राउटरमध्येच खोचली तर? टोक कदाचित आत बसेलही. पण रिसीव्हर कानाला लावला तर काहीच ऐकू येणार नाही. ना डायल टोन, ना खरखर.

यात बिघाड कुणाचाच नाही. टेलिफोन ज्याची वाट पाहत असतो ते राउटर देत नाही, आणि राउटरला जे समजते ते टेलिफोनला बोलता येत नाही. म्हणून दोघांच्या मध्ये एक लहानशी डबी बसवावी लागते. तिला टेलिफोन अडॅप्टर म्हणतात. फायबरची जोडणी घेतलेल्या घरांत ही डबी बहुधा वेगळी दिसत नाही. फायबरच्या पेटीलाच टेलिफोनसाठी एक खाच असते आणि अडॅप्टर त्या पेटीच्या पोटात बसवलेला असतो.

अडॅप्टर या नावावरून एखाद्याला वाटेल, की दोन पिनांचा प्लग तीन पिनांच्या सॉकेटात बसवणाऱ्या जोडासारखेच हे काहीतरी असणार. प्रत्यक्षात ते टेलिफोन एक्स्चेंजच आहे, फक्त एका घरापुरते. ही डबी एक्स्चेंजची नक्कल इतकी बेमालूम करते, की बिचाऱ्या टेलिफोनला काही बदलल्याचा पत्ताही लागत नाही. पण नक्कल ती नक्कलच. ती कुठे अपुरी पडते हेही समजून घ्यायला हवे, कारण तिथे कधी कधी जिवाशी गाठ असते.

एक्स्चेंज टेलिफोनला काय देते?

जुन्या साध्या टेलिफोनला विजेचा प्लग नसतो आणि त्यात सेलही घालावे लागत नाहीत. मग तो चालतो कशावर? त्याची वीज एक्स्चेंजमधून येते. तिथे बॅटऱ्यांची रांग असते आणि तिच्यातून तांब्याच्या दोन तारांवर सुमारे ४८ व्होल्टचे विभवांतर दिलेले असते. रिसीव्हर खाली ठेवलेला असताना टेलिफोनमधला स्विच उघडा असतो, म्हणून धारा वाहत नाही. रिसीव्हर उचलला की स्विच मिटतो, परिपथ पूर्ण होतो आणि वीस-तीस मिलिअँपिअर धारा वाहू लागते. ‘या घरात कुणीतरी फोन उचलला’ हे एक्स्चेंजला कळते ते या धारेवरूनच. मग ते डायल टोन पाठवते. आपल्याकडे हा टोन ४०० हर्ट्झच्या आसपास असतो. तो टेलिफोनमध्ये तयार होत नाही, एक्स्चेंजमध्ये होतो.

आता नंबर फिरवायचा. गोल तबकडीच्या टेलिफोनमध्ये तबकडी परत येताना परिपथ तुटतो आणि जुळतो. ५ फिरवले की पाच वेळा, ० फिरवले की दहा वेळा. साधारण सेकंदाला दहा या वेगाने. एक्स्चेंज ही तूट मोजते. बटणांच्या टेलिफोनची रीत वेगळी. प्रत्येक बटण एकाच वेळी दोन सूर काढते, एक त्याच्या आडव्या ओळीचा आणि एक उभ्या ओळीचा. ५ चे बटण दाबले की ७७० आणि १३३६ हर्ट्झचे सूर एकत्र निघतात. दोन सूर कशासाठी? बोलताना किंवा शीळ घालताना एखादा सूर चुकून जुळू शकतो. नेमके दोन ठरलेले सूर एकाच वेळी जुळणे फार अवघड.

घंटेची गोष्ट आणखी निराळी. ४८ व्होल्टच्या दिष्ट धारेने घंटा वाजत नाही. तिच्यासाठी एक्स्चेंज प्रत्यावर्ती विभवांतर पाठवते, सुमारे ७५ व्होल्टचे आणि आपल्याकडे २५ हर्ट्झचे. म्हणूनच रिंग वाजत असताना उघड्या तारेला हात लागला तर चांगलाच झटका बसतो.

आणि शेवटी बोलणे. दोन्ही बाजूंचा आवाज त्याच दोन तारांवरून, एकाच वेळी, ये-जा करतो.

म्हणजे वीज देणे, उचलल्याचे ओळखणे, टोन देणे, आकडे समजणे, घंटा वाजवणे आणि आवाजाची ने-आण करणे, ही सहा कामे एक्स्चेंज करते. राउटरच्या खाचेत यांतले एकही काम होत नाही.

वर्गात करून पाहा

अडगळीत पडलेले दोन साधे टेलिफोन मिळवा. कॉर्डलेस चालणार नाहीत. ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, साधारण ३३० ओहमचा एक रोध आणि दोन्ही टेलिफोन अशी सगळी मंडळी एकामागून एक, म्हणजे एकसर जोडणीत जोडा. टेलिफोनच्या वायरीतल्या मधल्या दोन तारा वापरायच्या. दोन्ही रिसीव्हर उचलले की एका खोलीतून दुसऱ्या खोलीत बोलता येते. परिपथात मिलिअँमीटर ठेवला तर वीस मिलिअँपिअरच्या आसपास धारा दिसेल. एक रिसीव्हर खाली ठेवा. काटा शून्यावर येईल. यात डायल टोन नाही आणि घंटाही नाही. एक्स्चेंजच्या सहा कामांपैकी कोणती इथे झाली आणि कोणती राहिली, हे मुलांनाच शोधू द्यावे. हा प्रयोग फक्त सुट्या टेलिफोनवर करायचा. चालू लाइन किंवा अडॅप्टर यांना काहीही जोडायचे नाही.

डबीच्या आत

अडॅप्टरला भिंतीतल्या प्लगमधून, बहुधा लहानशा चार्जरमार्फत, १२ व्होल्टच्या आसपास वीज मिळते. एवढ्या विजेतून टेलिफोनच्या तारांवर एक्स्चेंजसारखे विभवांतर उभे करण्याचे काम आतली एक चिप करते. एक्स्चेंजला काही किलोमीटर तार सांभाळावी लागते. डबीला मात्र खोलीभर वायर पुरे. रिसीव्हर उचलला की धारा वाहते, चिप ते ओळखते आणि डायल टोन देते. हा टोन कुठून येत नाही; डबीतला प्रोसेसर तो गणिताने तयार करतो. टोन ऐकू आला म्हणजे आपली तार दूरच्या एक्स्चेंजशी जोडलेली आहे, हा जुना अर्थ आता उरलेला नाही.

घंटा वाजवायची वेळ आली की डबी तेच १२ व्होल्ट वाढवून प्रत्यावर्ती विभवांतर तयार करते. मात्र तिची ताकद बेताची असते. जुन्या काळ्या टेलिफोनची खरी धातूची घंटा बरीच वीज खाते. असे चार-पाच टेलिफोन एकाच डबीला लावले तर घंटा नुसत्या थरथरतील किंवा गप्प बसतील. बटणांचे सूर डबी ओळखते. तबकडीची तूट मोजणे मात्र सगळ्याच डब्यांना येत नाही. आजोबांचा तबकडीचा फोन जोडायचा असेल तर आधी ही चौकशी करावी.

सर्वांत नाजूक काम आहे दोन आवाज वेगळे करण्याचे. दोन तारांवर आपला आणि पलीकडच्या माणसाचा आवाज मिसळलेला असतो. इंटरनेटवर मात्र आपलाच आवाज पाठवायचा आहे. त्यासाठी डबीतला एक परिपथ एकूण आवाजातून आलेला आवाज वजा करतो. ही वजाबाकी तंतोतंत होत नाही. उरलेला अंश पलीकडे परत जातो आणि त्या माणसाला स्वतःचेच शब्द पुन्हा ऐकू येतात. जुन्या टेलिफोनवरही असे होई, पण जवळच्या फोनवर ते इतक्या झटपट घडे की जाणवत नसे. इंटरनेटवर उशीर जास्त, म्हणून प्रतिध्वनी स्पष्ट ऐकू येतो. तो पुसून टाकण्याचे वेगळे गणित डबीला सतत करावे लागते.

आवाजाचे आकडे

इंटरनेटवरून आवाज जात नाही, आकडे जातात. म्हणून आवाजाची लाट डबीला आकड्यांत बदलावी लागते. टेलिफोनवर सुमारे ३०० ते ३४०० हर्ट्झपर्यंतचाच आवाज नेतात. माणूस कोण आणि काय बोलतो आहे हे कळायला तेवढा पुरतो. लाट पुन्हा नीट उभी करायची तर तिच्यातल्या सर्वांत मोठ्या वारंवारितेच्या दुपटीहून अधिक वेळा तिची उंची मोजावी लागते. म्हणून सेकंदाला ८,००० मोजमापे घेण्याचे ठरले. प्रत्येक मोजमाप ८ बिटांत, म्हणजे २५६ पायऱ्यांपैकी एका पायरीने, लिहितात. या पायऱ्या सारख्या उंचीच्या नसतात. हळू आवाजासाठी बारीक आणि मोठ्या आवाजासाठी ठोकळ पायऱ्या असतात, कारण आपल्या कानालाही हळू आवाजातला लहान फरक जास्त जाणवतो. ही रीत १९७२ साली आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झाली. तिचे दोन प्रकार आहेत. एक भारतात आणि युरोपात चालतो, दुसरा उत्तर अमेरिकेत आणि जपानमध्ये.

आता गुणाकार करू. ८,००० गुणिले ८ म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट. हे सलग पाठवत नाहीत, पाकिटे करून पाठवतात. बहुधा २० मिलिसेकंदांचा आवाज एका पाकिटात भरतात. २० मिलिसेकंदांत १६० मोजमापे, म्हणजे १६० बाइट. प्रत्येक पाकिटावर पत्ता, क्रमांक आणि वेळ लिहावी लागते. त्याला आणखी ४० बाइट लागतात. सेकंदाला ५० पाकिटे, प्रत्येकी २०० बाइटांची. म्हणजे ८०,००० बिट.

आवाज आणखी आवळणाऱ्या पद्धती आहेत. १९९६ साली ठरलेली एक पद्धत तो सेकंदाला ८,००० बिटांत बसवते. म्हणजे आठपट बचत झाली का? मुलांना हा हिशेब करायला द्यावा. २० मिलिसेकंदांचा आवाज आता २० बाइटांत मावतो, पण पाकिटावरचा मजकूर ४० बाइटांचाच राहतो. ६० बाइटांची ५० पाकिटे म्हणजे २४,००० बिट. बचत आठपट नव्हे, सव्वातीनपटीहून थोडी जास्त. पत्रापेक्षा पाकीटच जड झाले!

मग पाकिटात जास्त आवाज का भरू नये? कारण पाकीट भरेपर्यंत थांबावे लागते. तोंडातून निघालेला शब्द पलीकडच्या कानात पडायला १५० मिलिसेकंदांपर्यंत उशीर झाला तर संभाषण सहज चालते, असे आंतरराष्ट्रीय मानक सांगते. ४०० च्या पलीकडे गेले की दोघेही एकदम बोलू लागतात आणि मग दोघेही एकदम थांबतात.

पाकिटे ठरल्या वेळी निघतात, पण ठरल्या वेळी पोचतातच असे नाही. डेपोतून दर दहा मिनिटांनी एसटी सुटली, तरी वाटेतल्या गर्दीमुळे तुमच्या थांब्यावर दोन गाड्या पाठोपाठ येतात आणि मग बराच वेळ एकही येत नाही, तसेच हे आहे. म्हणून पलीकडची डबी आलेली पाकिटे लगेच वाजवत नाही. थोडी साठवते आणि क्रमाने, ठरावीक गतीने वाजवते. फारच उशिरा आलेले पाकीट टाकून देते. हरवलेले पाकीट पुन्हा मागवत नाही, कारण ते येईपर्यंत वाक्य पुढे गेलेले असते. तेवढी जागा मागच्या आवाजावरून अंदाजाने भरून काढते. एखादे पाकीट हरवले तर कानाला कळतही नाही; बरीच हरवली की आवाज तुटतो.

नंबर कसा सापडतो?

जुन्या टेलिफोनचा नंबर म्हणजे एका विशिष्ट घराकडे जाणारी तारांची विशिष्ट जोडी. अडॅप्टरला अशी तार नाही. म्हणून डबी चालू झाली की ती इंटरनेटवरून सेवा देणाऱ्या कंपनीच्या संगणकाकडे जाऊन हजेरी लावते: ‘अमुक नंबर माझा, सध्या मी या पत्त्यावर आहे.’ ही हजेरी ती ठरावीक वेळाने पुन्हा पुन्हा लावते. या देवाणघेवाणीचे नियम सिप नावाच्या संकेतात लिहिलेले आहेत. तो १९९९ साली प्रथम मानक म्हणून प्रसिद्ध झाला आणि २००२ साली सुधारून आला.

आपण नंबर दाबला की डबी त्या संगणकाला निमंत्रणाचा संदेश पाठवते. पलीकडे घंटा वाजू लागली की १८० क्रमांकाचे उत्तर येते, फोन उचलला की २००, आणि समोरचा फोन गुंतलेला असेल तर ४८६. वेबपान सापडले नाही तर ४०४ दिसतो, हे विद्यार्थ्यांना माहीत असते. हे आकडे त्याच धाटणीचे आहेत. पलीकडे इंटरनेटवरचा फोन नसेल तर वाटेत कंपनीचे एक यंत्र आकड्यांची पाकिटे उघडून ती नेहमीच्या टेलिफोन जाळ्यात सोडते.

नक्कल कुठे तुटते?

अमेरिकेत २००२ पासून अशा डब्या घरोघर विकल्या जाऊ लागल्या. बोलणे स्वस्त झाले, नंबर तोच राहिला. डबी सुटकेसमध्ये टाकून दुसऱ्या गावी नेली तरी फोन तिथे वाजे. ही मोठी सोय होती, आणि धोकाही तिथेच होता. अमेरिकेत पोलिस, रुग्णवाहिका आणि अग्निशामक दल यांच्यासाठी ९११ हा एकच क्रमांक आहे. तांब्याच्या तारेवरून तो लावला की जवळच्या केंद्राला घराचा पत्ता आपोआप दिसतो, कारण तार एका जागेशी बांधलेली असते. डबी कुठल्याच जागेशी बांधलेली नसते. फेब्रुवारी २००५ मध्ये ह्यूस्टन शहरात एका घरात चोर शिरले आणि त्यांनी आईवडिलांना गोळ्या घातल्या. मुलीने इंटरनेटच्या फोनवरून ९११ लावला, पण मदत केंद्र लागलेच नाही. तिला शेजाऱ्यांकडे धाव घ्यावी लागली. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने आदेश काढला, की नेहमीच्या टेलिफोन जाळ्याशी जोडलेल्या अशा प्रत्येक सेवेने ग्राहकाचा पत्ता नोंदवून घ्यावा आणि ९११ चा फोन योग्य केंद्राकडे पोचवावा. पण डबी हलवल्यावर नवा पत्ता कळवण्याचे काम ग्राहकाकडेच राहिले.

दुसरी गोष्ट विजेची. आपल्याकडे भारनियमनाच्या दिवसांत सगळे गाव अंधारात असले तरी साधा टेलिफोन चालू राही, कारण त्याची वीज एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांतून येई. अडॅप्टरचे तसे नाही. वीज गेली की डबी बंद, राउटर बंद आणि फोन मुका. प्रकाशतंतूतून प्रकाश येतो. टेलिफोन चालवण्याइतकी वीज त्यातून येत नाही.

ब्रिटनमध्ये तांब्याचे जुने टेलिफोन जाळे बंद करून सगळे फोन इंटरनेटवर नेण्याचे ठरले, तेव्हा हाच प्रश्न पुढे आला. वीज गेली तरी संकटकाळी किमान एक तास मदतीचा फोन लावता यावा, अशी अपेक्षा तिथल्या नियामकाने २०१८ साली कंपन्यांपुढे ठेवली. तिथे एकट्या राहणाऱ्या अनेक वृद्धांच्या गळ्यात एक बटण असते. पडझड झाली की ते दाबायचे. घरातले यंत्र टेलिफोनवरून मदत केंद्राला कळवते. ही यंत्रे जुन्या तारेसाठी बनवलेली होती. काही जणांची यंत्रे इंटरनेटच्या जोडणीवर चाललीच नाहीत. तेव्हा डिसेंबर २०२३ मध्ये सक्तीचे बदल थांबवण्यात आले, आणि जुने जाळे बंद करण्याची डिसेंबर २०२५ ची मुदत २०२४ साली जानेवारी २०२७ पर्यंत वाढवली गेली.

असली यंत्रे का अडखळतात? त्यांतली बरीचशी सुरांच्या भाषेत बोलतात. आवाज आवळणारी पद्धत माणसाच्या बोलण्यासाठी बेतलेली असते. त्यातून जाताना शुद्ध सूर विस्कटतात आणि पाकीट हरवले तर तेवढा संदेशच जातो. फॅक्सचीही हीच अडचण. बटणांच्या सुरांसाठी यावर तोड काढली आहे. डबी सूर ओळखून ‘५ चे बटण दाबले’ एवढी नोंदच पाकिटात घालून पाठवते आणि पलीकडचे यंत्र तो सूर पुन्हा तयार करते.

घरी आणि शाळेत एवढे पाहावे

अडॅप्टरला टेलिफोन सरळ जोडावा. भिंतीतल्या जुन्या लाइनच्या खाचेला अडॅप्टर कधीही जोडू नये. ती तार अजून एक्स्चेंजशी जोडलेली असेल तर दोन एक्स्चेंज एकमेकांवर वीज सोडतात आणि पहिल्याच घंटेला डबी जळू शकते. कंपनीकडे नोंदवलेला पत्ता बरोबर आहे ना, हे एकदा विचारून घ्यावे. घरात वृद्ध किंवा आजारी माणूस असेल तर मुख्य स्विच बंद करून फोन चालतो का, ते आधीच पाहून ठेवावे. बहुतेक घरांत तो चालणार नाही. मग डबी आणि राउटर दोन्हींना बॅटरीचा आधार द्यायला हवा. एकट्या डबीला दिला तर उपयोग नाही.

विद्यार्थ्यांसाठी

१. एका पाकिटात १० मिलिसेकंदांचाच आवाज भरला तर ६४,००० बिटांच्या पद्धतीत सेकंदाला एकूण किती बिट पाठवावे लागतील? आणि ३० मिलिसेकंदांचा भरला तर?

२. समजा, अडॅप्टरला ५ वॅट आणि राउटरला १० वॅट शक्ती लागते. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बॅटरी दोन्हींना किती तास पुरेल? प्रत्यक्षात ती त्याहून कमी का टिकेल?

३. आपल्या गावात किती घरांत अजून तांब्याच्या तारेवरचा टेलिफोन आहे, किती घरांत फायबरच्या पेटीला जोडलेला आहे, आणि वीज गेल्यावर त्यांतला कोणता चालतो, याची पाहणी करा. निघालेले आकडे ग्रामपंचायतीला आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला जरूर दाखवा.